‘आज ही वेगळीच वाटतेय’

डेंग्यूच्या पाचव्या दिवशी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा ताप उतरला आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. संध्याकाळी सिस्टर रक्त घ्यायला आल्या. सुईचं नाव काढलं तरी पांघरुणात दडी मारणाऱ्या माझ्या मुलीने निमूट हात पुढे केला. सुई टोचली तरी रडली नाही. मला तेच खटकलं. पाय चाचपले, तर गार.

‘‘सिस्टर, आज ही वेगळीच वाटतेय. दुपारी दोनपासून शू केलेली नाही, पायही गार लागतायत.’’

त्यांनी लगेच बीपी घेतला. 92/74. वरचा आकडा या वयाला चालण्यासारखा, पण गोम खालच्या आकड्यात होती. दोन्हींमधला फरक फक्त 18 उरला होता. डेंग्यूत हा फरक 20 किंवा त्याहून कमी झाला, की ती शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची, सुरुवात समजतात. सिस्टरनी ड्युटी डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी सरांना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना, फोन लावला, सलाईनचा हिशेब नव्याने मांडला गेला.

डेंग्यूचा खरा धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरताना सुरू होतो. केशवाहिन्यांमधून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. मग मेंदू, हृदय यांचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी शरीर हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. म्हणून पाय गार पडतात, बीपीचा खालचा आकडा चढतो, नाडी धावते, लघवी कमी होते. लहान मुलांचं शरीर ही तारेवरची कसरत फार चांगली करतं. रक्त बरंच कमी होईपर्यंत वरचा बीपी ठीकठाक दिसू शकतो, आणि मग तो एकदम कोसळतो. म्हणजे मुलांच्या बाबतीत बीपी पडणं ही फार उशिरा कळणारी खूण आहे. लवकरच्या खुणा वागण्यात दिसतात: मलूलपणा, नको तितकी शांतता, आईच्या नजरेला नजर न देणं. आणि वागणं ‘नेहमीसारखं’ आहे की नाही, हे ज्याला नेहमीचं माहीत आहे तोच सांगू शकतो. डॉक्टरांनी मुलाला आजारी अवस्थेतच पाहिलेलं असतं.

घरच्यांचं म्हणणं ऐकायला हवं, हे मान्य व्हायला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. 2021 मध्ये लंडनमध्ये मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेली. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाली होती. प्रकृती बिघडतेय असं आईवडील सांगत होते. तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, काढला. तिच्या आईच्या, मेरोपी मिल्स यांच्या पाठपुराव्यातून 2024 मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ येऊ लागला: घरच्यांना काळजी वाटली तर दिवसा-रात्री कधीही दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावता येतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ‘रायन्स रूल’ त्याच्याही आधीपासून आहे. तोही 2007 मध्ये गेलेल्या एका चिमुकल्याच्या नावाने.

तुमच्या वॉर्डात अशी सोय नसेल, तर आधी सिस्टर, मग इन्चार्ज सिस्टर, मग ड्युटी डॉक्टर आणि तरीही समाधान झालं नाही तर ‘‘सरांना आत्ता फोन लावाल का?’’ असं स्पष्ट विचारायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी विचारायचं. संकोच मलाही वाटतो, आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानायची सवय आहे. पण ‘बरं वाटत नाहीये’ या वाक्यावर दमलेला डॉक्टर काय करणार? ‘सहा तासांत लघवी नाही, तीनदा उलटी, पोट दुखतंय’ यावर तो उठतोच. म्हणून उशाशी एक वही ठेवावी. किती पाणी पोटात गेलं, किती वेळा शू झाली, हे वेळेसकट लिहावं. श्वास मोजायचे तर मूल शांत असताना, सदरा वर करून, पूर्ण मिनिटभर. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडलं, की रंग दोन सेकंदांत परतायला हवा. नाही परतला तर सांगावं.

औषधाबद्दल एकच सांगते, कारण इथे चूक सहज होते. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच 250 चंही. बाळांच्या थेंबांत तर एका मिलिलिटरला 100 असतात. 10 किलोच्या बाळाला 150 मिलिग्रॅम द्यायचे, तर 250 च्या बाटलीतून 3 मिलिलिटर पुरतात, 120 च्या बाटलीतून सहाहून थोडे जास्त लागतात. त्यामुळे ‘एक चमचा दिला’ असं कधीही सांगू नये, बाटली दाखवावी. केस पेपरवर मुलाचं आजचं वजन लिहिलंय का, तेही बघावं, सगळे डोस त्यावरूनच निघतात.

आणि आग्रह कशाचा धरायचा नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. ‘सलाईन जोरात सोडा’ असं म्हणू नये. झिरपणं साधारण 24 ते 48 तासांत थांबतं आणि बाहेर गेलेला द्रव रक्तात परत येतो. तेव्हा जास्तीचं सलाईन फुप्फुसांवर येऊ शकतं. आपण मागायची ती तपासणी. उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम.

त्या रात्री सिस्टर सारख्या येऊन बीपी बघत होत्या. 96/70. मग 98/66. पहाटे तिने शू केली, मी वेळ लिहिली. आठ वाजता रक्त घ्यायला सुई काढली, तेव्हा तिने असं भोकाड पसरलं की शेजारच्या कॉटवरचं बाळ जागं झालं. सिस्टर म्हणाल्या, ‘‘हे पण लिहा वहीत.’’