घरट्यावर कोण कोणाला काय भरवतं: या नोंदी आल्या कुठून

कोकिळेचं पिल्लू कावळा वाढवतो हे शाळेपासून माहीत आहे, शाकुंतलातसुद्धा त्यावरून टोमणा आहे, ते सोडून देऊ. पण कोकिळा स्वतः कावळ्याच्या घरट्यावर येऊन आपल्या पिल्लाला भरवून जाते अशाही नोंदी आहेत, ते फार कोणी बोलत नाही.

जुन्या काळात अशा गोष्टी फारशा लिहिल्या गेल्या नाहीत कारण 1870 च्या आसपास ब्रिटिश मुलखात साहेबांना अंडी जमवायचं फॅड होतं, अंडं उचललं की घरटं संपलं, मग भरवणं कोण बघणार. गोवा तर पोर्तुगीजांकडे, आपल्याकडच्या पक्ष्यांची नीट यादी छापून आली ती 1976 मध्ये.

खरी भर पडली डिजिटल कॅमेरे आले तेव्हा. धनेशाची (हॉर्नबिलची) मादी विणीत झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर घशातून वडाउंबराची फळं एकेक काढून ढोलीच्या फटीतून देतो हे नेहमीचं, पण सरडे, उंदीर, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं, मोठा धनेश तर चक्क झाडाची साल घेऊन येतो, हे सगळं घरट्यासमोर तासन् तास बसलेल्यांनीच दाखवलं.

आणि तिथेच भांडण लागलं. बऱ्याच नियतकालिकांनी, फोटो स्पर्धांनी घरट्याचे फोटो घेणं बंद केलं. लोक चिडले, आमच्या फोटोंमुळेच तर कळलं ना म्हणे! मुद्दा खोटा नाही, पण समोर पाच-सहा ट्रायपॉड लागले की नर लांबच्या फांदीवर बसून राहतो, घसा फुगलेला, चोचीच्या टोकाला एक फळ, मान वाकडी करून बघतो आणि न देताच उडून जातो. आत मादीची पिसं झडलेली, ती बाहेर पडून स्वतः खाऊ शकत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागराजवळचं (पोफळीच्या बागेजवळचं) एखादं झाड एकदा व्हॉट्सॲपवर फिरलं की गर्दी थांबवणार कोण? मला तर बंदी उशिराच आली असं वाटतं.

आता पक्ष्यांच्या नोंदी करायच्या ॲपवर ‘अन्न नेताना’, ‘पिल्लांना भरवताना’ असे कोड आहेत, फोटो लागत नाही, काही जातींचं ठिकाणही झाकलं जातं. फक्त चोचीत काय होतं ते त्या कोडमधून कळत नाही, ते शेऱ्यात हाताने टाईप करावं लागतं आणि तेवढा कंटाळा बहुतेक जण करतात.