वेगवान बोटीला डिझेल इंजिन की पेट्रोल? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंजिनाचं कोटेशन मागण्याआधी एक आकडा काढून ठेवा: तुमची बोट वर्षाला किती तास चालणार? वेग, एचपी, बोटीची लांबी हे सगळं त्यानंतर. खोल समुद्रात वेगानं पळणाऱ्या बोटीसाठी डिझेल घ्यायचं की पेट्रोल, हे बहुतेक वेळा तासांच्या या आकड्यावरच ठरतं.

इंधनाचा हिशेब

दर बदलत राहतात, म्हणून हिशेब लिटरमध्ये देतो. समजा बोट नेहमीच्या वेगात २०० एचपी, म्हणजे साधारण १५० किलोवॅट, ताकद खाते. चांगलं डिझेल इंजिन दर किलोवॅट-तासाला सुमारे २१५ ग्रॅम इंधन घेतं, पेट्रोल इंजिन सुमारे ३००. तासाला डिझेल झालं ३८ लिटर आणि पेट्रोल ६०. फरक २२ लिटरचा. वर्षाला ५० तास चालणाऱ्या बोटीत हा फरक ११०० लिटर होतो, ४०० तासांच्या बोटीत ८८०० लिटर. ३०० एचपीच्या पेट्रोल आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचा) थ्रॉटल पूर्ण उघडला तर तासाला १०० लिटरच्या आसपास जातात, तेवढ्याच ताकदीच्या डिझेलला ६० च्या आत-बाहेर.

आमचं मत असं: वर्षाला १०० तासांच्या आत असाल तर पेट्रोल आउटबोर्ड घ्या, डिझेलची जादा किंमत वसूल होणार नाही. ३०० तासांच्या पुढे डिझेलच. मधल्यांनी हिशेब मांडून बघावा.

वजन

‘डिझेल इंजिन जड असलं तरी इंधन कमी लागतं, त्यामुळे वजन बरोबरीत येतं’ असं सर्रास सांगितलं जातं. ते दिवसभराच्या बोटीला लागू नाही. ३०० एचपीचं डिझेल स्टर्नड्राइव्हसकट (बोटीच्या मागे बाहेर असलेल्या, पंखा फिरवणाऱ्या भागासकट) ६५० ते ७०० किलो भरतं, त्याच ताकदीचं आउटबोर्ड २४० ते ३००. फरक जवळपास ४०० किलोचा, म्हणजे पाच माणसं कायमची बोटीत बसलेली. इंधनाचं वजन मात्र तासाला १२-१३ किलोनंच वाचतं. फरक भरून काढायला ३० तासांचं इंधन बरोबर घ्यावं लागेल, आणि गेटवे-मांडवा किंवा मालवणच्या फेऱ्यांना कोणी तेवढं घेत नाही.

मग लांब पल्ल्याच्या शर्यतीत डिझेल का जिंकतं? टिकाऊपणामुळे. १९८४ ची ब्रिटनला वळसा घालणारी पॉवरबोट शर्यत इटलीचे बोट-रचनाकार आणि शर्यतपटू फाबिओ बुझ्झी यांनी इव्हेको डिझेल इंजिनांच्या ‘व्हाइट इव्हेको’वर जिंकली, आणि २००८ ची त्याच मार्गाची शर्यतही डिझेलवरच. डिझेलला वेग जमत नाही हा समजही जुना झाला. २०१८ साली बुझ्झींनी इटलीतल्या कोमो सरोवरात डिझेल बोट ताशी २७७ किलोमीटरच्या वर पळवली.

पंपावरचं पेट्रोल आता ई-२० आहे

आउटबोर्डच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पंपावर २० टक्के मिळतं. तुमच्या मॉडेलला काय चालतं, हे घेण्याआधीच विक्रेत्याकडून लेखी घ्या.

इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी उतरतं, आणि सक्शनची नळी तळातूनच ओढते. इंजिन जेट्टीवर सुरू होतं, पण जोर दिला की मरतं. तपासणी सोपी आहे: वॉटर सेपरेटरच्या (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळातून पारदर्शक बाटलीत पाव लिटर काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर आणि त्यावर रेघ दिसली, तर टाकी पूर्ण उपसायची. वरचं ‘चांगलं’ पेट्रोलही वापरू नका, इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. जुने रबरी होज इथेनॉलनं मऊ पडतात, तेही बदला.

डिझेलचं दुखणं

डिझेलमध्ये पाणी आलं की पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे सूक्ष्मजंतू वाढतात. फिल्टरच्या वाटीत काळा, बुळबुळीत गाळ दिसतो तो हाच. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून इंधन देणाऱ्या) इंधनाचा दाब १६०० बारच्या पुढे असतो, तिथे पाण्याचा थेंबही इंजेक्टर खराब करतो. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये १० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर हवाच, आणि त्याची वाटी रोज सकाळी सुरू करण्याआधी उघडून बघायची.

दुसरी गोष्ट आफ्टरकूलर, म्हणजे टर्बोनं दाबलेली गरम हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करणारा भाग. बऱ्याच इंजिनांत तो समुद्राच्या पाण्यानं थंड होतो. दोन वर्षांतून एकदा तो उतरवून, साफ करून, नव्या सीलसह बसवला नाही, तर आतून कुजतो आणि खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. इंजिन ‘अचानक’ बसलं अशा तक्रारी येतात, त्यात हे कारण वारंवार सापडतं.

पंखा (प्रोपेलर) चुकला की इंजिन गेलं

३५०० आरपीएमचं डिझेल पूर्ण टाकी आणि सगळे प्रवासी घेऊन, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ३५०० गाठलंच पाहिजे. ३३०० वर अडकलं तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत तो जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर, जास्त आहे. मागितलेले आरपीएम गाठायला गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा) डिझेल ओतत राहतो, हवा तेवढी मिळत नाही, काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, आणि शेवटी व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जातो. तळाला शिंपले चिकटले, छप्पर वाढवलं, बाकं वाढवली, तरी हेच होतं. म्हणून नव्या बोटीत ठरलेल्यापेक्षा ५० ते १०० आरपीएम जास्त गाठता येतील असा पंखा निवडतो. पेट्रोल आउटबोर्डमध्ये पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

रेटिंगही, म्हणजे इंजिन किती वापरासाठी बनवलंय तेही, बघा. एकच डिझेल इंजिन हौशी आणि व्यावसायिक अशा वेगवेगळ्या रेटिंगमध्ये मिळतं. हौशी रेटिंग वर्षाला ३०० तासांच्या आसपासच्या वापरासाठी असतं, आणि पूर्ण थ्रॉटल १२ तासांत एखादा तास. प्रवासी वाहतुकीच्या बोटीत असं इंजिन बसवलं तर ते टिकणार नाही. हौशी रेटिंगमधला जास्त एचपीचा आकडा बघून भुलू नका.

पेट्रोल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) असेल तर

पेट्रोल उणे ४० अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते. डिझेलला त्यासाठी साधारण ५० अंशांच्या पुढे तापावं लागतं. म्हणून सुरू करण्याआधी ही वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवा, झाकण उघडून वास घ्या, मगच चावी फिरवा. स्टार्टर किंवा अल्टरनेटर बिघडला तर गाडीचा स्वस्त पार्ट बसवू देऊ नका. बोटीच्या पार्टमधली ठिणगी बाहेर येऊ नये अशी बंद बांधणी असते, गाडीच्या पार्टमध्ये ती नसते. इथे पैसे वाचवणं जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यात बोट वर काढताना

डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही. ई-२० पेट्रोलची टाकी मात्र जमेल तितकी रिकामी करा, तीन महिने ठेवलेलं पेट्रोल सप्टेंबरमध्ये त्रासच देतं. आउटबोर्ड गोड्या पाण्यानं पंधरा मिनिटं फ्लश करा. इंपेलर (थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) वर्षातून एकदा किंवा २०० तासांनी, जे आधी येईल तेव्हा, बदला.

कोटेशनसाठी येताना वर्षाचे अंदाजे तास, भरल्या बोटीचं वजन, नेहमीचा मार्ग आणि बोट परवान्यावर हौशी आहे की व्यावसायिक, एवढं लिहून आणा.