मुक्ती प्रमाणपत्र: वेठबिगारीतून सुटलेल्यांचे अर्ज कोठे अडतात

मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत ऊसतोडीच्या टोळीतून किंवा वीटभट्टीवरून जाऊ दिले जात नसेल, तर ती १९७६ च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी आहे. शोषणासाठी धाकाने किंवा फसवून माणसाला नेले असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार तो मानवी तस्करीचाही गुन्हा ठरतो आणि ‘तो राजीखुशीने आला होता’ हा बचाव तेथे चालत नाही.

पुनर्वसनाची मदत मुक्ती प्रमाणपत्रावर, म्हणजे मजूर वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्यावर, अवलंबून असते. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडी, अथणी, निपाणी, रायबाग भागात राबवून घेतले असेल तर चिक्कोडीच्या आणि खानापूरकडे असेल तर बेळगावच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे, साध्या कागदावर अर्ज द्यावा. मात्र चौकशी काम जेथे झाले त्या जिल्ह्याने करायची असते. त्यामुळे कोल्हापूर किंवा सांगलीकडे अडकलेल्या खानापूरच्या कुटुंबाने प्रमाणपत्र हाती न घेता गावी परतणे फार महागात पडते. नवरा-बायकोची जोडी एकच कोयता म्हणून मोजली जात असली तरी प्रमाणपत्र प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र मागावे, मुलांचेही. नाहीतर बायकांची हक्काची रक्कम बुडते.

बहुतेक अर्ज ‘उचलीचा कागद आणा’ या एका वाक्यावर परत येतात. तो कागद मजुराकडे कधीच नसतो, असला तर मुकादमाच्या पेटीत असतो, आणि हे मागणाऱ्यालाही ठाऊक असते. १९७६ च्या कायद्याचे कलम १५ स्पष्ट आहे: कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख करावा.

दुसरी अडचण भाषेची. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणून मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला, तर तो विश्वासातल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय कृपया अंगठा लावू नका. ‘मी स्वखुशीने काम करीत होतो’ एवढे एक वाक्य आत गेले की प्रकरण तेथेच संपते.

केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती खटल्याच्या निकालासाठी अडवता येत नाही. पुढील साहाय्य पुरुषांना १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, तर तस्करी वा लैंगिक शोषणासारख्या प्रकरणांत ३ लाख रुपये असते. पैसे बँकेत जमा होत असल्याने स्त्रीचे स्वतःचे खाते आधी उघडून घ्यावे.

मोफत वकील जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. तस्करी वा वेठबिगारीच्या पीडितांना तेथे उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे कोणी उत्पन्नाचा दाखला मागितल्यास १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ दाखवावे आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घेऊनच परतावे.