फियाटचा पत्रा आणि स्विफ्टचा 'डबा'

सोलापुरात कुठल्याही गॅरेजवर थोडा वेळ थांबा, हे कानावर येतेच : "जुनी फियाट म्हणजे लोखंड बे! आताच्या गाड्या नुसता डबा." पत्रा पातळ झाला हे खरे. पण काट्यावर घातल्या तर ती फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आणि आजची स्विफ्ट, दोघी ९०० किलोच्या आसपासच भरतात. फरक आहे तो कुठला भाग मऊ आणि कुठला कडक ठेवला यात.

धडकेत गाडी थांबते, आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. हा वेग शून्यावर यायला शरीराला किती अंतर मिळते, त्यावर सगळे ठरते. शाळेतले सूत्र आठवा : मंदन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. छाती स्टीअरिंगवर आदळून १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर मंदन गुरुत्वाच्या १६० पट. तेच ६० सेंटिमीटर मिळाले, तर २७ पट. जास्तीचे ५० सेंटिमीटर देते ते गाडीचे नाक : बोनेटखालच्या दोन लांब पोकळ दांड्या ठरवून दिलेल्या जागी घड्या पडत चुरगळतात. मात्र त्याचा फायदा पट्टा लावणाऱ्यालाच. पट्टा नसेल, तर नाक चुरगळून संपते तेव्हाही तुम्ही ६४च्याच वेगात असता. बंपरला टांगलेले लिंबू-मिरची या गणितात कुठेच येत नाही.

मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांची ही चुरगळणाऱ्या नाकाची कल्पना १९५९ साली विक्रीच्या गाडीत आली. जुन्या गाड्याही दबतातच, पण भलत्या जागी. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची मालिबू ताशी ६४च्या वेगाने समोरासमोर धडकवल्या. अवाढव्य बेल एअरची ड्रायव्हरची जागाच चेपली. मालिबूत माणसाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याला मुख्यतः पायाची इजा.

माणसांभोवतीचा पिंजरा कडक राहतो तो बोरॉन पोलादामुळे. हे पोलाद ९०० अंशांच्या आसपास तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झपकन थंड करतात. कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, स्फटिकजाळी ताणलेली राहते आणि मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचे अतिशय कडक रूप, तयार होते. त्याची ताणशक्ती १५०० मेगापास्कलपर्यंत जाते, साध्या पत्र्याच्या कितीतरी पट.

जाहिरातीतल्या सुरक्षेच्या 'पाच ताऱ्यां'नीही हुरळून जाऊ नका. हे तारे देणाऱ्या भारत एनकॅप या धडक-चाचणीतली समोरची धडक ६४च्या वेगाला, तीही पट्टे लावलेल्या पुतळ्यांसह. पुणे रस्त्यावर मोहोळ ओलांडले की काटा १२०वर नेणारे आहेत. त्या वेगाला ऊर्जा साडेतीन पट होते.

आणि अपघातानंतर डेंटरने दरवाजाचा पिलर, म्हणजे त्या पिंजऱ्याचाच खांब, गॅसच्या ज्योतीवर लाल करून ठोकायला घेतला, तर थांबवा. फियाटला ते चालून जायचे. बोरॉन पोलाद असे तापून सावकाश निवले की मार्टेन्साइट मोडते आणि पिलर मऊ पडतो. तो भाग कापून नवाच बसवावा लागतो.