सी भाषेत प्रोग्रामचा वेळ मोजताय, पण कुठल्या घड्याळाने?

प्रोग्रामला किती वेळ लागतो हे बघायचं म्हटलं की मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये हात आधी क्लॉक() या फंक्शनकडेच जातो. सुरुवातीला एकदा बोलवा, शेवटी एकदा, वजाबाकी करा, सेकंद मिळवायला क्लॉक्स_पर_सेक या ठरलेल्या आकड्याने भागा, झालं. पण क्लॉक() सांगतं ते प्रोसेसर तुमच्या प्रोग्रामसाठी किती वेळ राबला एवढंच. विरार फास्ट सिग्नलला उभी राहते ती मिनिटं धावण्यात धरली नाहीत तरी ऑफिसच्या लेट मार्कात येतातच ना, तसं. प्रोग्राममध्ये पाच सेकंद थांबवणारं स्लीप(5) टाकून बघा, लिनक्सवर क्लॉक() चं उत्तर जवळपास शून्य येईल, आणि उलट चार थ्रेड (एकाच प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामं) प्रोसेसरच्या चार कोअरवर सेकंदभर जोरात चालले तर तेच क्लॉक() चौघांची बेरीज करून चारच्या आसपास सांगेल. विंडोजवर मात्र मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत हेच फंक्शन भिंतीवरच्या घड्याळासारखा प्रत्यक्ष गेलेला वेळ देतं, म्हणजे कोड तोच पण आकडा वेगळ्याच गोष्टीचा.

मग गेटटाइमऑफडे()? मायक्रोसेकंद मिळतात खरे, पण ते सिस्टमचं घड्याळ आहे, अ‍ॅडमिन ते पुढेमागे करू शकतो, एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सोय) सुद्धा नेटवरून दुरुस्त करतं, आणि नेमकं मध्येच मागे सरकलं तर तुमचा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच संपला असं उत्तर येतं!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, लिनक्सवर क्लॉक_गेटटाइम() वापरा आणि त्याला क्लॉक_मोनोटॉनिक द्या. हे घड्याळ कधी मागे जात नाही. सेकंद आणि नॅनोसेकंद वेगवेगळे मिळतात, वजाबाकीत नॅनोसेकंद निगेटिव्ह आले तर एक सेकंद उसना घ्यायचा, इथे खूप जण चुकतात. फक्त प्रोसेसरचा वेळ हवा असेल तर क्लॉक_प्रोसेस_सीपीयूटाइम_आयडी आहेच.

एवढं करूनही एका रनवर विश्वास ठेवू नका. पहिल्या वेळी कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) रिकामा असतो, मागे ब्राउझर चालू असतो, या सगळ्याने वेळ बहुतेक वाढतोच, म्हणून बऱ्याच वेळा चालवून सगळ्यात कमी आकडा घ्या, सरासरीपेक्षा तो जास्त खरा. आणि ओ2 (कोड वेगवान करायला सांगणारा कंपायलरचा पर्याय) लावून कंपाइल करताना लूपचं उत्तर कुठेच वापरलं नसेल तर कंपायलर अख्खा लूपच उडवू शकतो, मग शून्य सेकंद बघून खूश होण्याआधी ते उत्तर प्रिंट करा आणि परत मोजा.