मुजोर घोड्याचं तोंड

'मुजोर' हे विशेषण आज आपण माणसांना लावतो, पण ते आलं घोड्यांवरून. मुँह अधिक जोर: लगाम ओढला तरी न जुमानणारा घोडा तो मुँहजोर. गंमत अशी, की असा घोडा तोंडाने जोर लावतच नाही. जोर असतो मानेत, छातीत आणि मागच्या पायांत. तोंड फक्त सोसतं. अंगात रग असलेला चार वर्षांचा घोडा मैदानात स्वाराला ओढत नेऊ लागला, की पहिला सल्ला ठरलेला: कडक बिट घाला, नाकपट्टी (नाक आणि जबड्याभोवतीचा पट्टा) आवळा. हा सल्ला मला घाईचा वाटतो.

बिट म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा दांडा. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. बिट तिथे, जिभेवर आडवं बसतं. ही जागा माणसाला आयतीच सापडली, पण ती आरामाची नाही. तिथे खालच्या जबड्याची हाडाची कड अरुंद असते आणि तिच्यावर जेमतेम हिरडीचा पातळ थर. नडगीवर टेबलाचा कोपरा लागल्यावर काय होतं, ते आठवा. फिनलंडमध्ये शर्यत संपल्यावर गाडीच्या 261 घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा 84 टक्क्यांच्या तोंडात बिटच्या जागी ताज्या जखमा सापडल्या.

जाड बिट सौम्य, कारण दाब मोठ्या क्षेत्रावर पसरतो, हे शाळेतलं सूत्र इथे अर्धवटच लागू पडतं. बंद तोंडात जिभेनेच जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते. त्यात फार जाड दांडा घातला तर तो जिभेलाच चेपतो. म्हणून बऱ्याच घोड्यांना साधारण 14 ते 16 मिलिमीटर जाडीचं बिट पुरतं. फार बारीक दांडा मात्र रुततो. अगदी तारेसारखा असेल तर विचारायलाच नको.

साध्या स्नॅफलमध्ये, म्हणजे लगाम थेट बाजूच्या कड्यांना जोडलेल्या बिटमध्ये, स्वार जेवढं ओढेल तेवढंच तोंडाला पोचतं. कर्ब बिटचं गणित निराळं आहे. त्याला दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. म्हणजे ती चक्क तरफ. समजा, दांडीचा वरचा भाग 5 सेंटिमीटर आणि खालचा 10. साखळी ताणलेली असताना स्वाराने 1 किलोची ओढ दिली, तर ढोबळ हिशेबाने साखळीवर 2 आणि जिभेवर-जबड्यावर 3 किलोंचा भार येतो. सरावलेल्या हातात हे हत्यार नाजूक इशाऱ्यासाठी वापरता येतं. तोल सावरायला लगामाला लटकणाऱ्या नवशिक्याच्या हातात ते देऊ नये. काटेरी बिटबद्दल तर चर्चाच नको. भारतात ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 च्या नियमांनीच त्याला मनाई केलेली आहे.

आता वयाकडे येऊ. घोडेबाजारात गिऱ्हाईक घोड्याचा ओठ उचलून दातांवरून वय ओळखतं. त्याच दातांत ओढण्याचं कारणही असू शकतं, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात. पुढच्या दाढाही याच काळात बदलतात आणि नरांना चार-पाच वर्षांच्या सुमारास सुळे फुटतात. काहींना पहिल्या दाढेपुढे एक छोटासा जास्तीचा दात असतो आणि बिट त्याच्यावर आपटतं. दात येणारं मूल किरकिर करतं. घोडा डोकं झटकतो, बिट दातांत पकडतो, पुढे पळतो. आपण त्याला हट्टी म्हणतो.

नाकपट्टीचं काम तोंड फार उघडू न देण्याचं. पण तोंड उघडणं हीच घोड्याची तक्रार असेल तर? 2016 मध्ये सिडनीच्या संशोधकांनी 12 घोड्यांवर प्रयोग केला. पट्टी घट्ट आवळल्यावर चघळणं कमी झालं, हृदयाचे ठोके वाढले आणि पट्टी काढताच घोडे जांभया देऊ लागले, ओठ चाटू लागले, जणू साठलेली गरज भागवत होते. पुढच्या वर्षी आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांतले 750 घोडे मोजले गेले. नाकपट्टीखाली दोन बोटं जाण्याइतकी सैल पट्टी होती फक्त 7 टक्क्यांची. 44 टक्क्यांत एकही बोट जात नव्हतं.

यातली मेख मोजण्याच्या जागेत आहे. नाकाच्या बाजूला मांस दबतं, तिथे बोटं सहज सरकतात आणि आपलं समाधान होतं. मोजायचं ते समोर, नाकाच्या हाडाच्या मधोमध. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानेही 2025 पासून स्पर्धांमध्ये त्यासाठी ठरावीक मापाचं साधन आणलं; तिथे दीड सेंटिमीटर जागा हवी. पट्टीही गालाच्या उंच हाडापासून दोन बोटं खाली असावी. त्याहून फार खाली गेली तर नाकाच्या हाडाच्या नाजूक टोकावर आणि नाकपुड्यांवर दाब येतो, आणि घोडा श्वास फक्त नाकानेच घेतो! चेहऱ्यावर फुली मारल्यासारख्या ग्रॅकल पट्टीच्या बाबतीत हे विशेष पाहावं. (ग्रॅकल हा 1931 ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकलेला घोडा, पट्टीला नाव त्याचं.)

तरण्या घोड्याला मी साधं, योग्य रुंदीचं स्नॅफल आणि साधी सैल नाकपट्टी घालेन. बिट फार अरुंद असेल तर कडी ओठांच्या कोपऱ्याला चिमटते, फार रुंद असेल तर दांडा तोंडात सरकत राहतो. बाकीचं काम हातांचं. घोडा ओढीने शिकत नाही, ओढ सुटल्याने शिकतो. तो जरासा मंदावला आणि त्याच क्षणी लगाम ढिला झाला, तर मंदावण्याचा फायदा त्याला कळतो. ओढ तशीच राहिली तर घोडाही तिच्यावर भार टाकतो आणि मग दोघं एकमेकांना पेलत मैदानाची फेरी पूर्ण करतात. पाठीवरच्या माणसाचा तोल सांभाळायला नुकताच शिकणाऱ्या घोड्याचं असंही पुढच्या पायांवर वजन जातं. ते चालीच्या सरावाने हळूहळू मागे जातं, लोखंडाने नाही.

उघड्या माळावर सुरक्षेसाठी कधी जास्त पकडीचं बिट घ्यावंच लागलं, तर ते अनुभवी स्वाराने आणि तेवढ्यापुरतंच घ्यावं. आणि नाकपट्टी सैल केल्यावर घोडा तोंड उघडतच राहिला, तर पट्टीचं पुढचं भोक शोधण्याआधी घोड्यांचे दात तपासणाऱ्या पशुवैद्याला बोलवावं.