घरगुती फ्रीजर : बेळगाव सीमाभागातील वापर

घरगुती फ्रीजर : अन्न गोठवून टिकवण्यासाठी फ्रीजला असलेला अतिथंड कप्पा. त्यात उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान असावे लागते; खालच्या कप्प्यांना ४ अंश पुरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील मराठी घरांत फ्रीजरचा खरा कस लागतो तो गावजत्रेत उरलेल्या मटणाने, गोव्याहून व कारवारहून घाट चढून आलेल्या मासळीने आणि हंगामात स्वस्त झालेल्या मटारने.

गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. अन्न वितळले की ती पुन्हा सुरू होते. म्हणून सकाळपासून बाहेर राहिलेले मटण संध्याकाळी फ्रीजरमध्ये टाकले तरी ते सुरक्षित होत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांत, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर तासाभरात आत जायला हवे. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात तासाचाच हिशेब धरावा. रश्शाचे अख्खे पातेले निवायला फार वेळ घेते, तेव्हा तो पसरट भांड्यांत काढावा. मटण एका जेवणाला पुरेल एवढ्याच पुड्यांत भरावे. मासळी साफ करून, धुऊन, पाणी निथळून, हवा काढलेल्या पिशवीत ठेवावी. हवा लागली की पृष्ठभागातले पाणी उडून जाते आणि मांस चिवट, फिकट होते. बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळी लवकर खवट होते, ती दोन-तीन महिन्यांत संपवावी. मटार दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढले, तर रंग आणि चव टिकते.

मासळीची ही दोन-तीन महिन्यांची मुदत उणे १८ अंश गृहीत धरून सांगितलेली आहे. सिंगल डोअर फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा तेवढा थंड होत नाही. कप्प्यावर तारे छापलेले असल्यास एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. एका ताऱ्याच्या कप्प्यात आठवडाभर, दोन ताऱ्यांच्या कप्प्यात महिनाभर, एवढीच मुदत धरावी. वीजबचतीच्या लेबलवरचे तारे वेगळे. एक साधा फ्रीजर थर्मामीटर आत ठेवणे हा यावरचा उत्तम उपाय आहे.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात झाडे पडून वीज जाते, ती कधी लवकर येत नाही. अशा वेळी दार उघडू नये. स्वतंत्र दाराचा, गच्च भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. सिंगल डोअरचा कप्पा त्याआधीच वितळतो. वीज आल्यावर मांसात बर्फाचे कण दिसत असतील किंवा ते ४ अंशांखाली असेल, तर पुन्हा गोठवता येते. मऊ, कोमट झालेले टाकून द्यावे, वास चांगला असला तरी. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी वाटीत पाणी गोठवून वर नाणे ठेवून जावे: परतल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले होते असे समजावे.

गोठलेले मांस ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावे. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवावे आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे.

डायरेक्ट कूल, म्हणजे कप्प्यात साचलेला बर्फ आपोआप न वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की डिफ्रॉस्ट करावे, म्हणजे तो वितळवून काढावा, कारण तो थर थंडी अडवतो आणि वीज जास्त लागते. पावसाळी दमट हवेत दार वारंवार उघडले तर तो झपाट्याने वाढतो. सुरीने बर्फ खरवडणे मात्र धोक्याचे आहे. कप्प्याच्या पातळ ॲल्युमिनियमला भोक पडले की गॅस निघून जातो, आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमधला आयसोब्युटेन हा गॅस ज्वलनशील आहे. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढावा. सहज निघाला तर रबर सैल झाले आहे. वीज सतत ये-जा करत असेल तर काही मिनिटे थांबून कॉम्प्रेसर सुरू करणारा स्टॅबिलायझर बसवावा.